आकड्यांना टांगलेला झोपाळा

आमच्या वाईच्या घरात माजघराच्या दोन तुळयांना चार लोखंडी आकडे आहेत. झोपाळा आम्ही २००९ साली विकला. पितळी कड्या वजनावर गेल्या, फळी पुण्याचं एक गिऱ्हाईक टेबल करायला घेऊन गेलं. आकडे तेवढे राहिले, कारण ते काढायचे तर तुळई फोडावी लागेल असं सुतार म्हणाला. गेल्या जानेवारीत एका रात्री मी त्याच आकड्यांना झोपाळा पुन्हा टांगला. ११४ दिव्यांचा, दहा सेकंदांपुरता. माजघरात तो कुणालाच दिसला नाही. फोटोत आहे.

तो कसा टांगला ते लिहितो. या प्रकाराला लाइट पेंटिंग म्हणतात: अंधारात कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून हलत्या उजेडाने फोटोत चित्र काढायचं. वाचून कुणाला आपल्या घरात काही टांगावंसं वाटलं तर बरंच.

मी फोटोग्राफर नाही. बाजारात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, एकतीस वर्षं चालवलं. पातळ टीव्ही आले आणि काम आटलं. आता पार्ट शोधून बदलत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात. त्यात कसली आलीय दुरुस्ती? मुलगी सई पुण्यात थ्रीडी मॉडेलं करते. तिचा जुना डीएसएलआर दिवाळीत आमच्याकडे राहिला आणि मला रात्रीचा उद्योग मिळाला.

टीव्हीवाल्याला हे प्रकरण समजायला वेळ लागत नाही. पिक्चर ट्यूबवर चित्र असं कधी नसायचंच. असायचा एक पळता ठिपका. डावीकडून उजवीकडे रेघ मारायची, खाली यायचं, पुन्हा रेघ. अशा ६२५ रेघा, सेकंदाला २५ वेळा. काचेवरचा फॉस्फरचा लेप थोडा वेळ चमकत राहायचा आणि डोळा आळशी, म्हणून आपल्याला रामायण दिसायचं. लाइट पेंटिंगमध्ये डोळ्याच्या जागी कॅमेऱ्याचा सेन्सर ठेवा आणि पळत्या ठिपक्याच्या जागी स्वतः पळा. शटर उघडं आहे तोवर जिथे जिथे उजेड जाईल, तिथे तिथे त्याची रेघ उमटून राहते. पिकासोने १९४९ साली वालोरिसला हवेत टॉर्चने चित्रं काढली आणि ग्यॉन मिली या छायाचित्रकाराने ती टिपली, ती याच रीतीने. तिथे सगळी करामत हाताची होती. इथे हात फक्त उजेड वाहून नेतो. कुठे पेटायचं आणि कुठे विझायचं ते चिप ठरवते.

आता कुणीही विचारेल, झोपाळ्याचं चित्र संगणकात करून माजघराच्या फोटोवर चिकटवलं तर काय बिघडलं? सईनेही तेच विचारलं. मी तिला चिकटवूनच दाखवायला सांगितलं. तिने सुबक केलं, पण तो झोपाळा माजघरात नव्हता, माजघरासमोर होता. फरशीवर त्याचा उजेड नव्हता. खांबाच्या मागून जाताना तो खांबाला विचारत नव्हता. सावली, चमक, आड येणं, सगळं एकेक करून खोटं घालावं लागतं आणि त्यातलं एखादं राहतंच. उजेड खरोखर त्या जागेतून नेला की ही सगळी कामं घरच करतं, फुकट. तेव्हा माझा नियम एकच. डिजिटल वस्तू कुठेतरी खऱ्या वस्तूला टेकली पाहिजे. आकड्याला, फरशीला, उंबरठ्याला, कशालाही.

कॅमेरा कसा लावायचा

ट्रायपॉड हवाच. नसेल तर स्टुलावर तांदळाची पिशवी ठेवून त्यात कॅमेरा रुतवा, मी पहिला महिना तसाच काढला. कॅमेरा मॅन्युअलवर. फोकस ऑटोवर ठेवाल तर अंधारात लेन्स घर्रघर्र करत बसेल. त्यामुळे जिथे चित्र काढायचं तिथे कुणाला तरी पेटती टॉर्च धरून उभं करा, तिच्यावर फोकस घ्या आणि मग लेन्सचं बटण एमएफवर, म्हणजे हाताच्या फोकसवर, सरकवा. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर तोही बंद. मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय असते. ती चालू असेल तर तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद गप्प बसतो. सरावाच्या रात्री ती बंद ठेवा, नाहीतर निम्मी रात्र वाट बघण्यात जाते.

फोनवर करायचं असेल तर प्रो मोड उघडा. बऱ्याच फोनांत शटर ३० सेकंदांपर्यंत नेता येतं. शिकायला तेवढं पुरतं.

पुढचं मला समजायला दोन आठवडे लागले, म्हणून सावकाश सांगतो. या फोटोत दोन उजेड असतात. एक खोलीचा, म्हणजे शेजारच्या खोलीतला दिवा, खिडकीतून येणारा रस्त्याचा उजेड. दुसरा तुमचा, हलणारा. शटर जितका वेळ उघडं, तितकी खोली उजळत जाते. पण तुमच्या हलत्या दिव्याला शटरच्या वेळेशी देणंघेणं नाही, कारण तो एका जागी क्षणभरच असतो. त्याची रेघ किती उजळ येईल हे दिवा किती प्रखर, तुम्ही किती वेगाने चालता, आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक केवढं) व आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा) काय, यांवर ठरतं. म्हणजे रेघ फार पांढरी पडली तर शटर कमी करून काही होणार नाही. ॲपर्चर आवळा, दिवा मंद करा, नाहीतर भराभर चाला. आणि रेघ छान पण खोली काळीकुट्ट आली तर बाकी कशाला हात न लावता शटर लांबवा. दोन नळ आहेत, वेगवेगळे. मी आधी रिकाम्या खोलीचा फोटो घेतो, मग मिट्ट काळोखात नुसत्या दिव्याचा, आणि दोन्ही जमले की एकत्र. आमच्या माजघरात देवघरातला झीरोचा बल्ब चालू ठेवून ॲपर्चर एफ ८, आयएसओ २०० आणि ३० सेकंद हे माप बसलं. तुमच्या घरचं वेगळं बसेल.

कपडे काळे आणि पूर्ण बाह्यांचे. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. उजेड आपल्या तोंडावर पडू देऊ नका आणि एका जागी रेंगाळू नका. चालत राहिलात तर कॅमेऱ्याला तुम्ही दिसत नाही. वाटेतली पाटं-स्टुलं आधी उचला. माझ्या नडगीवर अजून खूण आहे.

पहिला धडा: हवेत एक शब्द

लंडनमध्ये २०१० साली डेंट्सू लंडन आणि बर्ग या दोन संस्थांच्या लोकांनी आयपॅडच्या पडद्यावर अक्षरांचे काप एकामागून एक दाखवले आणि शटर उघडं ठेवून आयपॅड हवेतून ओढला. फोटोत घनाकार अक्षरं तरंगत होती. इस्पितळातला सीटी स्कॅन शरीराचे काप दाखवतो, त्याच्या हे बरोबर उलटं. इथे काप आधी आहेत, ते जोडून अंग तयार करायचं.

देवनागरीला ही रीत फार शोभते, कारण शिरोरेषा. शब्दभर एक लांबलचक पट्टी हवेत उभी राहते आणि अक्षरं तिला लोंबतात. मी शब्द घेतला 'येतो'. उंबरठ्यावर काढायचा होता, आणि उंबरठ्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

मापं अशी धरली. शब्दाची उंची मात्रांसकट १२ सेंटिमीटर, जाडी ६, लांबी ३६. फोन उभा धरला की ही उंची आणि जाडी पडद्यात मावते. लांबीला मर्यादा नाही, ती आपण ओढून काढणार. ३६ सेंटिमीटरचे ९० काप, म्हणजे एक काप ४ मिलिमीटरचा. सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ केला की तो ३ सेकंद चालतो. तेव्हा फोन सेकंदाला १२ सेंटिमीटर सरकला पाहिजे. याहून भराभर सरकवला तर अक्षरं ताणली जातात, हळू सरकवला तर चेपतात. जाडी आणि उंची मात्र पडद्यावरचीच राहते. पडद्यावरचा सेंटिमीटर खरोखर सेंटिमीटर आहे का हे बघायला दहा सेंटिमीटरची रेघ दाखवा आणि फूटपट्टी लावून बघा.

काप करायला सईने ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरलं. त्यात मराठी थेट टाइप करायला गेलो तर मात्रा भलतीकडेच. म्हणून शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला, त्याचा पाथ, म्हणजे नुसती बाह्यरेषा केली, एसव्हीजी फाइल म्हणून ब्लेंडरमध्ये घेतला आणि त्याला जाडी दिली. पहिल्यांदा तिने सोपी युक्ती केली. शब्दाच्या एका टोकाला कॅमेरा ठेवून त्याची दृष्टी चार मिलिमीटरच्या पट्ट्यापुरती बांधली आणि तो पट्टा पुढे सरकवत नेला. व्हिडिओ लावला तर शिरोरेषाच गायब! मॉडेल आतून पोकळ असतं, नुसती साल. शिरोरेषेच्या चारही भिंती सरकण्याच्या दिशेला समांतर, त्या समोरून बघताना कागदाच्या कडेसारख्या होतात, म्हणजे दिसतच नाहीत. तेव्हा दृष्टी बांधू नका, वस्तू खरोखर कापा. शब्दाला आधी ब्लेंडरमधल्या सॉलिडिफाय या सोयीने भिंतीची जाडी द्या, मग एक पातळ ठोकळा शब्दातून सरकवत बूलियन इंटरसेक्ट लावा, म्हणजे दोघांचा सामाईक भाग तेवढा उरतो. प्रत्येक कापाची चौकट मिळते. चौकटच हवी, भरीव काप नको. उजेडावर उजेड चढत जातो, इथे पुढचं मागच्याला झाकत नाही. भरीव केलं की शब्दाऐवजी धुकं मिळतं.

पडदा कुठला यानेही फरक पडतो. साध्या एलसीडीचा काळा रंग खरा काळा नसतो. मागचा दिवा झिरपतो आणि अक्षराभोवती राखाडी बोगदा उमटतो. एमोलेड पडद्यात काळा म्हणजे तो ठिपका बंदच. आमच्यात तसा फोन फक्त हिच्याकडे, म्हणजे बायकोकडे, तेव्हा तो मागून घेतला. ब्राइटनेस पूर्ण ठेवला आणि ॲपर्चर आवळला, कारण मंद केला की बरेच एमोलेड पडदे लुकलुकायला लागतात आणि फोन वेगाने ओढला तर ते पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. आणि एअरप्लेन मोड लावा. आमच्या सर्वांत चांगल्या टेकमध्ये 'तो'च्या काना-मात्रेवर कुणाच्या तरी 'शुभ रात्री'ची पांढरी पट्टी आडवी गेली आहे.

फोन सरकवायला ड्रॉवरचं अठरा इंची चॅनेल वापरलं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. उंबरठ्यामागे पाट, पाटावर चॅनेल, त्यावर लाकडाचा तुकडा आणि त्याला रबराने बांधलेला फोन. सगळ्यावर काळं कापड. पडद्याचं तोंड शब्द ज्या दिशेला वाचत जातो तिकडे, म्हणजे उजवीकडे. कॅमेरा समोर न ठेवता उजव्या अंगाला, अंदाजे पंचेचाळीस अंशांत. समोर ठेवला तर त्याला फोनची कड दिसेल, पडदा नाही. व्हिडिओत दर सेकंदाला एक 'टिक' घातली आणि चॅनेलवर बारा-बारा सेंटिमीटरवर खुणा केल्या. टिकेला खूण गाठायची. वेग आपोआप बसतो, घड्याळ बघावं लागत नाही.

फोन डावीकडून न्यायचा आणि व्हिडिओ उजव्या टोकापासून सुरू, असं झालं तर शब्द आरशातला येतो. तो मागाहून सरळ करता येत नाही. शब्द सुलटा केला की घर उलटं होतं.

उजेडाची काठी आणि न दिसणारी भिंत

फोनच्या पडद्यात झोपाळा मावत नाही. त्याला काठी लागते. बाजारात पाच व्होल्टची डब्ल्यूएस २८१२ बी नावाची एलईडी पट्टी मिळते. मीटरला ६० दिवे असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा रंग सांगता येतो. पाच मीटरचं वेटोळं येतं, खुणेवर कात्रीने कापायचं. मी १.९ मीटर घेतली, दिवे ११४. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ती चिकटवली, वरून बेकिंगचा पांढरा कागद लावला म्हणजे दिव्यांचे टोचरे ठिपके मऊ होतात. डोकं म्हणून ईएसपी ३२ चा बोर्ड, म्हणजे प्रोग्राम घालता येणारी छोटी चिप, कारण त्याला वायफाय आहे.

जोडणीत नवख्यांचे हात पोळतात ते इथे. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ११४ दिवे म्हणजे जवळपास ७ अँपिअर. आपली पॉवर बँक दोन-अडीचवर दमते. म्हणून प्रोग्राममध्येच करंटला लगाम घाला, फास्टएलईडी नावाच्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रामच्या संचात, ती सोय आहे. अंधारात एवढा उजेड लागतही नाही, मी तीस टक्क्यांच्या वर गेलोच नाही. पट्टीला वीज दोन्ही टोकांना द्या. एकाच टोकाला दिली तर दुसरीकडे व्होल्टेज पडतं आणि पांढरा रंग तांबूस होतो. डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर, वीज जिथे शिरते तिथे १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि बोर्डाचा व पट्टीचा ग्राउंड (उणे बाजूची तार) एकत्र. हा शेवटचा विसरलात तर पट्टी वेड लागल्यासारखी लुकलुकते. पॉवर बँकेच्या निळ्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. माझ्या पहिल्या वीस फोटोंत गुडघ्याच्या उंचीवर एक निळा साप चालला आहे.

काठी चालते की नाही हे बघायला झोपाळ्याच्या आधी मी दुसरंच केलं, आणि मला विचाराल तर तेच जास्त भारी निघालं. ऑस्लोमध्ये २०११ साली टिमो अर्नल, योर्न क्नुत्सेन आणि आयनार स्नेव्हे मार्टिनुसेन यांनी चार मीटरच्या काठीवर ८० दिवे लावून रस्त्यारस्त्यांतून वायफायची ताकद चितारली होती. सिग्नल जोरात तितके दिवे जास्त. म्हणजे हवेत जे आहे पण दिसत नाही, ते जागच्या जागी दाखवायचं. वाड्याच्या दोन फुटी भिंती आणि मागच्या पडवीत कधीच न येणारं नेट यांच्यावर माझा जुना राग होताच.

ईएसपी ३२ ला घरच्या राउटरशी जोडलं की तो सिग्नलची ताकद डेसिबलच्या आकड्यात सांगतो. राउटरपाशी उणे ३०-४०, अगदी दूर गेलं की उणे ८५-९०. मी उणे ९० ला शून्य दिवे आणि उणे ३० ला सगळे ११४ असं बांधलं, म्हणजे एका डेसिबलला जवळपास दोन दिवे. एका मापावर विश्वास ठेवू नका. पाच घ्या आणि मधलं धरा. काठी सलग पेटती ठेवली तर उजेडाची सपाट भिंत तयार होते, उतारचढाव कळत नाही. म्हणून सेकंदाला एकदाच, ३० मिलिसेकंद पेटवली. शटर बल्ब मोडवर (आपण बंद करेपर्यंत उघडं) दीड मिनिट, ॲपर्चर एफ ११, आणि सेकंदाला दहा सेंटिमीटर या गतीने ओसरीपासून माजघर ओलांडून पडवीच्या दारापर्यंत चालत गेलो. दारं एका ओळीत आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याला सगळं दिसत होतं.

ओसरीवर ताडासारख्या उंच कांड्या, माजघराची भिंत ओलांडली की एकदम कमरेइतक्या, लोखंडी कपाटाच्या आडोशाला घोट्याइतक्या. पण गंमत म्हणजे मोकळ्या जागेतही शेजारशेजारच्या दोन कांड्यांत हातभर फरक. आधी वाटलं प्रोग्राम चुकला. मग आठवलं, टीव्हीवरचा इनडोअर अँटेना वीतभर सरकवला की मुंग्या जायच्या, ते हेच! २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना उचलून धरतात, कुठे पाडतात. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना 'थोडा डावीकडे घ्या' सांगत होतो, ते का सांगत होतो हे त्या रात्री डोळ्यांनी बघितलं.

झोपाळा

आकड्यांची टोकं फरशीपासून २२८ सेंटिमीटरवर. फळीची वरची बाजू ४६ वर असायची, हे खांबाला पडलेल्या घासेवरून मोजलं, खालची ४१ वर. फळीची लांबी १४०, रुंदी ५५, ती आकड्यांच्या अंतरावरून. म्हणजे काठीचं खालचं टोक ४१ वर आलं पाहिजे. हातात धरून चालून बघितलं, फळी समुद्राच्या लाटेसारखी आली. मग काठी गॅस सिलिंडरच्या ट्रॉलीवर उभी बांधली. चाकं गुळगुळीत, फरशी शहाबादी, काम झालं.

चित्र किती साधं आहे बघा. समोरून झोपाळा म्हणजे दोन उभ्या कड्या आणि एक आडवी फळी. काठीच्या भाषेत फळी म्हणजे तळाचे तीन दिवे, सतत पेटते. ट्रॉलीच्या वाटेचे बारीक भाग पाडले, त्यांना घरं म्हणू. कडी म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन घरं, तळापासून आकड्यापर्यंत सगळे दिवे, पितळेच्या पिवळ्या रंगात. मधल्या घरांत वरचे दिवे बंद. दोन दिव्यांतलं अंतर १.६७ सेंटिमीटर, तेवढंच रुंद एक घर धरलं तर १४० सेंटिमीटरची ८४ घरं होतात. एका घराला ६० मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंदांत फेरी पूर्ण, गती सेकंदाला २८ सेंटिमीटर. बोर्डाला एक छोटा बझर लावला, सेकंदाला एक बीप. फरशीवर खडूने दर २८ सेंटिमीटरला खूण. बीपला चाक खुणेवर. खडू बारीक ओढा, जाड ओढला तर फोटोत येतो.

एवढ्याने झोपाळा सपाट येतो, कागदाचा कापून लावल्यासारखा. म्हणून दोन फेऱ्या. एक पुढच्या दोन आकड्यांखालून, दुसरी ५५ सेंटिमीटर मागे, मागच्या दोन आकड्यांखालून. झोपाळा दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे दुसरी फेरी उलट दिशेने आली तरी चालते, ट्रॉली परत न्यायला नको. दोन फेऱ्यांच्या मध्ये हिने लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरला. कॅमेऱ्याला हात लागू द्यायचा नाही, नुसतं समोर धरायचं. शटर बल्बवर, वायरच्या रिमोटने. मी 'धर' म्हटलं की धरायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. अकराव्या वेळी ती म्हणाली, लग्नातसुद्धा इतका वेळ अंतरपाट धरला नव्हता.

कॅमेरा चार मीटरवर, जमिनीपासून मीटरभर उंच, लेन्स १८ मिलिमीटरला. फरशी ओल्या फडक्याने पुसली. आधी पुसली नव्हती तेव्हा झोपाळा नुसता लटकत होता. ओली फरशी झाली आणि फळीखाली तिचं पिवळं प्रतिबिंब पडलं, तुळयांना खालून उजेड लागला, आणि मागच्या फेरीत ट्रॉली खांबाआडून गेली तेवढी मागची एक कडी खांबाने झाकली. ही मी घातलेली नाही, खांबाची स्वतःची कारागिरी. सईला फोटो पाठवला तर तिने पहिलं विचारलं, हा खांब संगणकात मास्क करून पुढे कसा आणला?

कड्यांची वरची टोकं आकड्यांना नेमकी लागायला मात्र चौदा टेक गेले. ट्रॉलीचं पहिलं चाक कडीच्या खुणेवर हवं, काठी चाकाच्या बरोबर वर हवी, आणि काठी ओळंब्यात हवी. वर एक सेंटिमीटर कलली तरी कडी आकड्याशेजारून जाते आणि सगळं सोंग उघडं पडतं. शेवटी गवंड्याचा ओळंबा आणून काठी सरळ केली, तेव्हा कुठे जमलं. डोळ्यांनी सरळ दिसते यावर जाऊ नका.

सकाळी आईला फोटो दाखवला. ती चौऱ्याऐंशीची आहे. फोन डोळ्यांपासून लांब धरून तिने बराच वेळ बघितलं.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"आई, आकडे बघ की. खांब बघ."

"घर आपलंच आहे. झोपाळा नाही. आपला उजवीकडून वर असायचा. तुझे वडील कायम डाव्या अंगाला बसायचे, ती कडी ताणली होती."

जुने फोटो काढून बघितले. माझ्या मुंजीतला एक सापडला, झोपाळ्यावर पाहुणे, आणि फळी खरंच डावीकडे झुकलेली. फूटपट्टी लावून हिशोब केला तर फरक तीनेक सेंटिमीटरचा, म्हणजे माझ्या काठीवर दोन दिवे. प्रोग्राममध्ये ओळ बदलली: फळी डाव्या टोकाला पहिल्या दिव्यापासून, मग दर २८ घरांनी एक दिवा वर, शेवटच्या २८ घरांना तिसऱ्यापासून. उजव्या कड्याही तिथूनच सुरू. आता दोन्ही टोकं सारखी राहिली नाहीत, त्यामुळे मागची फेरी उलट चालवताना घरंही उलट्या क्रमाने वाचायला सांगावी लागतात. तेवढं करून ठेवलं आहे. खडूच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत, ही रोज त्यांच्याभोवतीने केर काढते. शनिवारी सई येणार आहे, पुठ्ठा तिच्या हातात देणार.